हलकुडेंची चाळणी

लातूरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात शिवलिंग हलकुडे नेमकं काय करतात, हे दवाखान्यातल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. प्रिंटर अडला की त्यांना हाक, सभागृहातला पडदा उजळला नाही की त्यांना हाक. एकदा तर पाण्याचा कूलर बंद पडला म्हणून एक वॉर्डबॉय त्यांना शोधत तळमजल्यावर आला होता. कूलरला वायर असते, हलकुडे वायरीचं बघतात, संपला विषय. त्यांचं खरं काम मात्र कुणाच्या नजरेस पडायचं नाही. दवाखान्याच्या ईमेलवर रात्रंदिवस जो कचरा येऊन आदळतो, तो डॉक्टरांच्या आणि कारकुनांच्या डोळ्यांपर्यंत पोचू द्यायचा नाही, हे ते काम. आता जे आलंच नाही, त्याबद्दल कोण कशाला आभार मानेल? हलकुडेंनी ती अपेक्षा केव्हाच सोडून दिली होती.

मूळचे ते निलंग्याचे. वडील महादेवप्पांचं तिथं किराणा दुकान होतं आणि थोरल्यानं गल्ल्यावर बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण काँप्युटरचा कोर्स म्हणजे काहीतरी अचाट गोष्ट वाटायची त्या काळात शिवलिंग लातूरला आले, कोर्स केला आणि या दवाखान्यात चिकटले. आता पुण्याला जाणार, आता हैदराबादला जाणार, असं नातेवाईक बरीच वर्षं म्हणत राहिले, मग तेही थकले. हलकुडेंनी पन्नाशी ओलांडली. सकाळी लिंगपूजा उरकून, कपाळाला विभूती लावून ते रोज त्याच तळमजल्यावरच्या त्याच खोलीत येऊन बसत. मान आखडलेली असे, चष्म्याचा नंबर वाढत असे, आणि दुपारच्या डब्यानंतर आपण एवढे का दमतो याचं उत्तर त्यांना सापडत नसे. रानात राबणाऱ्याला दमलो म्हणायचा हक्क तरी असतो. खुर्चीत बसून दमलेल्याला घरचेसुद्धा हसतात. म्हणून हलकुडे कुणाला काही सांगत नसत.

कचऱ्याचं तर विचारूच नका. बक्षीस लागलंय, कुरिअर अडलंय, तुमचं बँक खातं आजच बंद होणार, अमुक परिषदेत तुमचा सन्मान करायचाय, फक्त नोंदणी करा. विकत मिळणारी तयार चाळणी इंग्रजी कचरा बऱ्यापैकी ओळखते, पण 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे' असं मराठीत म्हटलं की ती भाबडी होऊन वाट सोडते. त्यामुळे हलकुडे स्वतःचे नियम लिहीत. प्रत्येक नियमाला गुण ठरलेले. पत्रात अमुक शब्द दिसला, इतके गुण. पाठवणाऱ्याचा पत्ता संशयाचा, इतके गुण. बेरीज ठरलेल्या रेषेपलीकडे गेली की पत्र अडकवलेल्या ढिगात जातं, आणि तिथं कुणी पाहिलं नाही तर मुदत संपल्यावर आपोआप पुसलं जातं. जास्त गुण मिळवून नापास व्हायचा हा एकच प्रकार जगात असेल. वर्षानुवर्षं हे नियम साचत गेले होते आणि कोणता कशासाठी लिहिला, हे आता हलकुडेंनाही धड आठवत नव्हतं.

नियम साचले तसा सर्व्हर धापा टाकायला लागला. यंत्र जुनं, आणि आलेलं प्रत्येक पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा पुन्हा चाळायचं म्हटल्यावर ते तरी काय करणार. सकाळचं पत्र डॉक्टरांना दुपारी मिळे. एवढं करूनही एक भामटा निसटलाच. ट्रस्टचे सचिव आप्पासाहेब यांना त्यानं कुरिअरवाला बनून पत्र धाडलं, आप्पासाहेबांनी विश्वासानं नाव, नंबर, जन्मतारीख सगळं भरलं, आणि शेजारी बसलेल्या पुतण्यानं ऐन वेळी हात धरला म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हलकुडेंना वर बोलावलं.

"हलकुडे, तुमी खाली बसून करून काय राहिलेत, सांगा बरं मला?"

"नियमच लिहून राहिलोय, साहेब."

"मग हे आत आलं कसं? मागं हाच मानूस बँकवाला होता, आता कुरिअरवाला झाला. पत्ता त्योच, नाव येगळं. येवढं बी कळत न्हाई का तुमच्या मशीनला?"

कळत नव्हतं, हे हलकुडेंना कबूल करावं लागलं.

पुढचे काही आठवडे ते मन लावून बसले. असं मन बऱ्याच वर्षांत लागलं नव्हतं. जुना एकेक नियम काढून तपासला. एकाच कामाचे चार होते ते एकात बसवले. 'हा शब्द कुठंही असू दे, शोध' असं मोघम सांगितलं की यंत्र सगळं पत्र उकरत बसतं. 'विषयाच्या ओळीत, सुरुवातीलाच बघ' असं नेमकं सांगितलं की लगेच मोकळं होतं. मग त्यांनी क्रम बदलला. ज्या तपासणीला कष्ट कमी ती आधी, जिला जास्त ती शेवटी. आधी पाकीट वरवर बघायचं, आणि तेवढ्यावरच गुण रेषेपार गेले तर आतलं वाचायचंच नाही. सगळ्यांच्या वर दोन नवे नियम बसवले. पहिला आप्पासाहेबांच्या रागातून सुचलेला: एकाच पत्त्यावरून दर वेळी वेगळ्या नावाचा माणूस लिहीत असेल, तर भरपूर गुण. दुसरा असा, की पत्रात एक अक्षर नाही, नुसता फोटो जोडलाय, तर आणखी गुण. कारण चाळणी चुकवायला भामटे हल्ली मजकूर चित्रात घालून पाठवतात. दोन्ही नियम एकदम लागले की पत्राचा निकाल तिथल्या तिथं लागत असे.

दिवाळी झाली आणि नवे नियम चालू झाले. सर्व्हर पळायला लागला. डॉक्टरांची कुरकुर थांबली. आप्पासाहेब कँटीनमध्ये सगळ्यांच्या देखत "आता बरं हाय, हलकुडे" म्हणाले. हलकुडेंनी हे घरी महानंदाबाईंना, म्हणजे बायकोला, दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. अडकवलेल्या ढिगावरून रोज एकदा नजर टाकायची हलकुडेंची जुनी सवय होती. पण नियम इतके चोख बसले होते, की ती सवय त्यांनी सुटू दिली. दमलेला माणूस एखादं काम कमी करायला निमित्तच शोधत असतो, आणि हे तर चांगलं भारदस्त निमित्त होतं.

माळेगावची खंडोबाची जत्रा होऊन गेली होती. थंडीतल्या एका सकाळी तळमजल्यावरच्या फोनवर जळकोटहून एकजण बोलायला लागला. नाव व्यंकट. तिथं त्याचं सेंटर होतं, म्हणजे लोकांचे अर्ज भरून द्यायचं, झेरॉक्स काढायचं आणि मेल धाडायचं दुकान.

"साहेब, तुमच्या दवाखान्याचा मेल चालू हाय का बंद पडलाय? लोकं माझ्या उरावर बसून राहिलेत. म्हन्तेत, तू धाडतच न्हाईस."

"कोणत्या पत्त्यावरून धाडता तुम्ही?"

व्यंकटनं पत्ता सांगितला. "समद्यायचा योकच हाय, साहेब. लोकायजवळ कुठला आलाय मेल? म्या माझ्याच आयडीवरून धाडतो. पर हुशारी बगा कशी केली! पाठवनाराच्या जागी दरखेपेला पेशंटचं नाव टाकतो. तुमाला वरल्यावर कळावं, कुनाचा रिपोर्ट हाय त्ये."

हलकुडेंनी विचारलं, "आणि मजकूर काय लिहिता?"

"मजकूर कशाला? रिपोर्टचा फोटू जोडला की झालं. डाक्टरला का पत्र वाचायचंय?"

दवाखान्याची पद्धत अशी होती. कॅन्सरच्या इंजेक्शनांचा एक डाव झाला की रुग्णानं गावी जायचं, सांगितलेल्या दिवशी रक्त तपासायचं आणि रिपोर्ट मेल करायचा. रक्त ठीक असेल तर दवाखाना पुढच्या डावाची तारीख कळवी. व्हॉट्सॅपवर करून पाहिलं होतं, पण नर्स बदलली की फोन बदले आणि रिपोर्ट गहाळ होत, म्हणून मेल ठरला. आणि मेल म्हटला की गावोगावी व्यंकटसारखाच कुणीतरी: एक दुकान, एक पत्ता, पंचक्रोशीची नावं. हे काय हलकुडेंना ठाऊक नव्हतं? त्यांच्या निलंग्यातल्या चुलतभावाचा पीकविमा, भाचीचा प्रवेशअर्ज, सगळं अशाच एका दुकानातून जात होतं. पण नियम लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त भामटे होते. आपली माणसं नेमकी तशीच लिहितात, हे एकदाही मनात आलं नाही.

त्यांनी ढीग उघडला. मुदत संपलेली पत्रं पुसून गेली होती. राहिलेल्यांत जळकोट होतं, देवणी होतं, मुखेड होतं, आणि प्रत्येकात टेबलावर ठेवून काढलेला रिपोर्टचा वाकडातिकडा फोटो. कुठं कोपऱ्यात चहाचा कप आलेला, कुठं कागद धरणाऱ्याचा अंगठा. हलकुडेंनी ती सगळी पत्रं सोडवली, दोन्ही नियम काढून टाकले आणि कॅन्सर विभागात स्वतः जाऊन सांगितलं. बहुतेक रुग्ण तारीख विचारायला आपण होऊन येऊन गेले होते, त्यांचं फारसं बिघडलं नव्हतं. एक बाई मात्र दिवाळीपासून आलीच नव्हती. नागाबाई. फाइलीतला नंबर लागत नव्हता. न लागणारे नंबर तिथं इतके होते, की एकदोनदा लावून सिस्टरनं सोडून दिलं होतं.

"त्यांना लवकर आणा," डॉक्टरबाई म्हणाल्या. वयानं लहान होत्या, ओरडल्या नाहीत. "हे डाव वेळच्या वेळीच व्हावे लागतात हो."

हलकुडेंनी खाली येऊन व्यंकटला फोन लावला.

"नागाबाई? ती म्हातारी तर बरी झाली की, साहेब! तुमचं बोलावनं बंद झालं, तवा म्याच म्हनलं तिला, आता बोलावत न्हाईत म्हंजी तू बरी झालीस. माळेगावला जाऊन खंडोबाचा नवस बी फेडून आली."

हलकुडेंनी फोन ठेवला. त्यांना व्यंकटचा रागही येईना. आपल्याकडे कचेरीतून काही आलं नाही की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. बोलावणं आलं की पोटात धस्स होतं. दवाखान्याचं मौन म्हणजे चांगली बातमी, असं त्या बाईनं धरलं यात तिचं काय चुकलं?

संध्याकाळपर्यंत कचरा पुन्हा वाहायला लागला होता. आप्पासाहेबांचा फोन आला. हलकुडेंनी खरं ते सांगितलं.

"मग त्या सेंटरवाल्यायचे पत्ते तेवढे सोडून द्या की," आप्पासाहेब म्हणाले.

"कुठले कुठले सोडू, साहेब? रोज कुठं ना कुठं नवं सेंटर निघतंय. मला त्यातले किती ठाऊक असणार?"

"तुमी बगा बाबा कसं त्ये." फोन ठेवला गेला.

घरी जेवण गेलं नाही. महानंदाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "दवाखान्यानं कुनाला तरी धाडावं तिकडं. मला लई कंटाळा आलाय."

"कंटाळा काय सांगता?" महानंदाबाई म्हणाल्या. "ती बाई तिकडं बरी झाले म्हून बसलीय. दुसऱ्याच्या तोंडून सांगनार का हे? तुमचं तुमी जा."

उदगीरपर्यंत एसटी, पुढं जीप. जळकोटला व्यंकट मोटारसायकल घेऊन उभा होता. तिशीतला, किडकिडा, मफलर गुंडाळलेला. नागाबाईंचं गाव तिथून आत होतं. गावात शिरताना व्यंकट म्हणाला, "साहेब, बरी झालीस आसं म्याच म्हनलो होतो. माझं बी सांगा." हलकुडेंनी पाठीमागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कारण गाडी खड्ड्यातून चालली होती, आणि तो हात त्यांनी मग काढला नाही.

अंगणात नागाबाईंची सून गीतांजली तुरी पाखडत होती. नागाबाई उन्हात बसून खडे वेचत होत्या, डोक्यावर घट्ट पदर. दवाखान्याचा माणूस आलाय म्हटल्यावर त्यांना उठायची घाई झाली. आत जाऊन त्यांनी भंडारा आणला आणि हलकुडे काही म्हणायच्या आत त्यांच्या कपाळावर, विभूतीच्या वरच, लावला.

"बस बाबा. लोकं दवाखान्यात जातेत, दवाखाना कुनाच्या घरला येतोय? लई बरं वाटलं. गीता, च्या टाक."

वाटेत ठरवून आणलेली वाक्यं हलकुडेंना आठवेनात. भंडारा भुवईवर सांडला होता, तो पुसावा की राहू द्यावा हेही कळेना.

"मावशी, चहा नको. तुमी बऱ्या झाल्या न्हाईत आजून. तुमाला बोलावणं यायला पायजे होतं. माझ्यामुळं आलं न्हाई."

"तुझ्यामुळं कसं?"

"व्यंकट तुमचे रिपोर्ट धाडत होता. म्या मशीनला सांगून ठेवलं होतं, असल्या पत्त्यावरून काही आलं तर आत घेऊ नको म्हून."

"माझं नाव सांगितलं होतंस?"

"न्हाई मावशी. नाव कुनाचंच सांगितलं नव्हतं."

"मग?"

गीतांजलीनं सूप खाली ठेवलं.

"मी किती खेपा म्हनले, योकदा जाऊन तर येऊ," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तर ह्यो व्यंकट म्हनतोय, बोलावल्याबिगर गेलं तर हाकलून देतेत. तुमाला फोन करायला काय झालं होतं? मानूस मेलंय का जितं हाय, तेवढं तरी इचारावं!"

"फोन लागला न्हाई, ताई."

"तो नंबर बंद झालाय. मग? लागला न्हाई म्हून सोडून द्यायचं?"

व्यंकट खाली मान घालून उभा होता. ती म्हणत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं आणि ते ऐकून घ्यायलाच आपण आलो आहोत, एवढं हलकुडेंना कळत होतं.

नागाबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी मांडीवरचं ताट बाजूला सारलं. "मला तर बरं वाटून राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "उलट्या थांबल्या. भाकर ग्वाड लागाय लागली. आता खंडोबाला काय सांगू? नवस तर फेडून बसले मी."

शेजारच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"कवा निघायचं?" नागाबाईंनी विचारलं.

लातुरात पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. हलकुडे प्रत्येक खोलीच्या दाराशी उभे राहिले. कुणी हटकलं नाही, प्रिंटर बिघडला असेल असंच सगळ्यांना वाटलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट उलटेसुलटे करून पाहिले आणि खुर्ची पुढं ओढून नागाबाईंच्या समोर बसल्या.

"मावशी, आजार परत वाढायला लागलाय. आधीचे डाव आता धरता येणार नाहीत. औषध बदलून नव्यानं सुरू करू."

"म्हंजी राहिलेले दोन घ्यायचे?"

"नाही. सगळेच. पहिल्यापासून."

नागाबाईंनी मान डोलावली, बाजारात भाव ऐकून घ्यावा तशी. आपल्याला कुणीतरी खडसावून बोलावं, असं हलकुडेंना त्या क्षणी फार वाटलं. पण डॉक्टरबाईंना पुढचा रुग्ण होता आणि गीतांजली पिशवीत चादर शोधत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वॉर्डात खाटेवर बसल्यावर नागाबाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. बोटाच्या पेराएवढे पांढरे केस उगवले होते, तेल लावून नीट बसवलेले. त्यांवरून त्यांनी सावकाश हात फिरवला.

"आत्ताच तर आलते गं," त्या सुनेला म्हणाल्या. मग त्यांना दारात हलकुडे दिसले. "तू कशाला थांबलास बाबा? जा आपल्या कामाला. आनखी कुनाचं आडकून पडलं आसंल, तर बग."

हलकुडे जिना उतरून खोलीत आले आणि अडकवलेला ढीग उघडून एकेक पत्र वाचायला बसले.